लाकडासाठी की भिंतीसाठी

२१ जानेवारी २००७, आलापल्ली

सोमाजी सुतार आजही आला नाही. बायकोला ताप आहे, असा निरोप पाठवला. मागच्या खेपेला त्याचा कोणी मामा वारला होता. मी लाकूड डेपोत अख्खी नोकरी गाड्यांचे पास तपासण्यात घालवली. ऐन नाक्यावर ज्याच्या घरी ताप येतो, त्याच्या बैलगाडीत गवताखाली काय असतं ते मला सांगावं लागत नाही. सोमाजीने दुसरीकडे मोठं काम धरलं असणार.

म्हणून ठरवलं, भोकं पाडायची मशीन स्वतःची घ्यायची. घर नवं आहे, भिंती पक्क्या आहेत, खिळा ठोकला की वाकतो नाहीतर पोपडा निघतो. फळ्या, पडद्याचे दांडे, आरसा, सगळं जमिनीवर पडून आहे. वायरची मशीन इथे कामाची नाही. सकाळी लाईन जाते ती दुपारी येते आणि दिवेलागणीला पुन्हा जाते. मुलीकडे, रोशनीकडे, चंद्रपूरला पडदे लावायला आलेल्या माणसाजवळ बॅटरीची ड्रिल मशीन होती. पिस्तुलासारखी धरायची, बोट दाबायचं, झालं. तेव्हापासून डोक्यात आहे.

बायकोला, रंभाला सांगितलं. वाटलं होतं, म्हणेल म्हातारपणी हे काय खूळ. तिने एवढंच विचारलं, "भिंतीत भोक पडते का जी त्यानं?"

कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, दोरी बांधायची आहे, घराच्या आतून. कपड्यांची दोरी अंगणात आहे. ऊन अंगणात आहे. घरात दोरी कशाला? यावर ती भांडं उचलून आत गेली. प्रश्नाला उत्तर न देता जो हातात काहीतरी उचलतो, त्याची गाडी मी नेहमी थांबवायचो.

२४ जानेवारी

बाबूभाईच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. त्यांचं घर आमच्यापासून दोन घरं सोडून. त्यांची बायको जाहिदा आणि रंभा यांचं रोजचं येणंजाणं, म्हणून भाव बरोबर सांगतील अशी आशा होती.

बाबूभाईने भाव सांगितलाच नाही. आधी मलाच विचारलं, "शालिकभाऊ, मशीन लाकडासाठी पाह्यजे का भिंतीसाठी?"

मी म्हटलं, घरासाठी. ते हसले. म्हणाले, बॅटरीची साधी मशीन नुसती फिरते, लाकडात उतरते, पण विटेत किंवा काँक्रीटात उतरत नाही. त्यासाठी हॅमरची घ्यावी लागते. ती फिरता फिरता ठोकेही देते. बॅटऱ्या दोन पाहिजेत, म्हणजे एक चार्जिंगला लावली तरी काम थांबत नाही. आणि बॅटरी पुढे सुटी मिळेल का ते पाहायचं, नाहीतर दोन वर्षांनी मशीन शोकेसमध्ये ठेवायची. असा नमुना त्यांच्याकडे नव्हता, नागपूरहून मागवून देतो म्हणाले.

सगळं पटण्यासारखं होतं, तिथेच मी सावध झालो. व्यापारी माणूस महागाची वस्तू जितकी नीट समजावून सांगतो तितकं त्याचं त्यात काहीतरी असतं. निघताना म्हणाले, "वहिनीले विचारून घ्या, कुठं कुठं भोकं पाडाची आहेत ते." माझ्या घरातली भोकं वहिनीला का विचारायची? आणि रंभाला दोरी बांधायची आहे हे यांना कोणी सांगितलं?

२८ जानेवारी

दिवाळीला दिलेल्या डिस्टेंपरवर मळकी रेघ उमटली आहे. स्वयंपाकघराच्या दारापासून न्हाणीघरापर्यंत, कमरेच्या उंचीवर, सलग. धुणंभांड्याला येणाऱ्या सुकरीला विचारलं. ती म्हणाली, "मी भित्तीले हात नाई लावत, बाबा." तिची बादली तर खाली घासते, वर नाही. मी ओल्या फडक्याने पुसली. चार दिवसांत पुन्हा उमटली तर कोण ते कळेल.

२ फेब्रुवारी

रंभा आज जाहिदासोबत चंद्रपूरला जाऊन आली. जाहिदाच्या नणंदेकडे लग्न आहे, कपडा पाहायला दोघी जातो म्हणाल्या. संध्याकाळच्या बसने परतली. हातात पिशवी नाही. डोळ्यांवर काळा चष्मा. डोळे लाल. बसमध्ये धूळ फार होती म्हणे, आणि कपडा पसंत पडला नाही.

लग्न झाल्यापासून रंभा बाजारातून रिकाम्या हाताने परतलेली मी पाहिली नाही. काही नाही तर ती गाजरं तरी आणते.

घरी आल्यावर डोळे मिटून बसून राहिली. लाईन आली तसा पदर चेहऱ्यावर ओढला. रडली होती हे उघड आहे. कशावरून, ते विचारलं नाही. विचारलं की माणूस गोष्ट तयार करतो. थांबलं की आपोआप निघते. नंतर रोशनीचा फोन आला. आईशीच बोलली. मी फोन घेतला तर म्हणाली, "बाबा, मशीन घेतली का? लवकर घ्या न." मशीनची हिलाही घाई आहे.

९ फेब्रुवारी

मीच चंद्रपूर गाठलं. गोल बाजारात दोन दुकानं पाहिली. पहिल्यात जपानी कंपनीची होती, हातात घेतली की कळत होतं वस्तू काय आहे, पण भाव ऐकून मी ती हळूच खाली ठेवली. दुसऱ्यात दोन होत्या. एक हॅमरची, दोन बॅटऱ्यांची. बाबूभाई म्हणत होते अगदी तशीच, त्यामुळे माझा संशय वाढला. यांचं आपसात काही असेल. दुसरी हलकी, एका बॅटरीची, हॅमर नसलेली, भावाने बरीच खाली. विकणारा म्हणाला, भिंतीतही जाते, फक्त हळूहळू दाबायचं. मी तीच घेतली. खरं लिहायचं तर "हळूहळू" म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. ते मला दिसलं होतं. तरी घेतली, कारण परवडत होती, आणि बाबूभाईचं ऐकलं नाही याचं समाधानही होतं.

परत येताना नाक्यावर पोलिसांनी बस थांबवली. आपल्या भागात नक्षल्यांमुळे हे नेहमीचंच आहे, पण आज माझ्या मांडीवर खोकं होतं. बॅटरी, वायर, पिस्तुलाचा आकार. जवानाने मला खाली उतरवलं. काय आहे, कशाला, कुठं नेता, घर कोणतं. मी म्हटलं, पडदे लावायला. तो म्हणाला, "चालवून दाखवा."

बोट दाबलं. मशीन हललीच नाही. पुन्हा दाबलं. बसच्या खिडक्यांत सगळी तोंडं. ज्या नजरेने मी जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या पाहिल्या ती स्वतःवर कशी लागते ते आज कळलं. त्यांनी बिल पाहिलं, पेन्शनचं कार्ड पाहिलं, साहेबांना दाखवलं आणि जा म्हणाले.

दुकानदाराने बंद मशीन गळ्यात मारली याची खात्री वाटते.

१० फेब्रुवारी

बंद नव्हती. खोक्यातल्या कागदात लिहिलं आहे, आधी बॅटरी पूर्ण चार्ज करा. दुपारी लाईन आल्यावर लावली, संध्याकाळी काढली. सागवानाच्या फळीत पहिलं भोक पाडलं. काय सांगू. पिवळा भुसा असा गुंडाळून वर आला, आणि डेपोतला तो जुना वास. लगेच आणखी तीन पाडली, गरज नसताना.

मग भिंत. मशीनच्या टोकाचा बिट घसरला, फिरला, पांढरी पूड पडली. हळूहळू दाबलं. जोरात दाबलं. बॅटरी संपली तेव्हा तांदळाचा दाणा बसेल एवढा खड्डा झाला होता.

रंभा शेजारीच भिंतीला हात टेकून उभी होती. म्हणाली, "झालं का भोक?" तिच्या खांद्याजवळच तो खड्डा होता आणि ही विचारते झालं का. मला टोमणा झोंबला.

१३ फेब्रुवारी

बाबूभाई स्वतः घरी आले. मशीनची गोष्ट त्यांना जाहिदाकडून कळली, जाहिदाला रंभाकडून. म्हणाले, ही मला द्या, माझ्या ओळखीच्या सुताराला लाकडासाठी पाहिजेच आहे. तुम्हाला हॅमरची मागवतो, वरचा फरक तेवढा द्या.

दुसऱ्याच्या दुकानातून घेतलेली वस्तू कोणता व्यापारी परत घेतो? दोनच कारणं असू शकतात. माझ्या मशीनची किंमत मला वाटते त्याहून जास्त आहे, नाहीतर त्याची मशीन खोटी आहे. रात्रभर विचार करून हो म्हटलं, कारण खड्डा रोज दिसतो.

१९ फेब्रुवारी

हॅमरची आली. दुकानातच खोकं उघडलं, जळका वास येतो का पाहिला, बिट बसतो तो चक फिरवून पाहिला, दोन्ही बॅटऱ्या हातात घेऊन वजन पाहिलं. सील शाबूत होतं. सील पुन्हाही लावता येतं. बाबूभाईंनी चहा मागवला.

घरी आलो तर दार आतून लावलेलं. सकाळी आणि संध्याकाळी जाहिदा येते तेव्हा दार लागतं, हे मी आठवड्यापासून पाहतो आहे. मागच्या खिडकीशी गेलो. रंभा खाटेवर मान मागे टाकून बसलेली, जाहिदा तिच्यावर वाकून पदराने तिचे डोळे पुसत होती. म्हणजे रोज रडते. रोज, वेळ ठरवून. आणि शेजारणीजवळ. माझ्याबद्दल काय सांगत असेल?

जाहिदा गेल्यावर पाण्याच्या माठाखालच्या ओल्या वाळूत बोटभर बाटली सापडली. कागद भिजून गेला होता. वास नाही, रंग नाही. एखाद्या वैदूचं मंतरलेलं पाणी असावं. नवऱ्याचा स्वभाव बदलायला देतात म्हणतात. माझ्या चहाची चव बदलली आहे का, आठवून पाहिलं. बाटली होती तशीच वाळूत रोवली.

२६ फेब्रुवारी

एकेक गोष्ट मांडून पाहतो.

भातात खडे येतात. रंभा तांदूळ निवडत नाही, सुकरीला सांगते. शेजारच्या बुधरीबाई तक्रार करत होत्या, "तुमची बाई बाजूनं जाते पण बोलत नाई, का चुकलं आमचं?" भजनाला जाणं बंद. दाराच्या चौकटीला खांदा आपटते आणि चौकटीवर चिडते. परवा चहाचा कप माझ्यापुढे ठेवताना टेबलाच्या बाहेर ठेवला, कप फुटला, आणि तीच माझ्यावर रागावली की टेबल कोणी सरकवला.

या घरातून तिचं मन उठलं आहे. रोशनी तिला चंद्रपूरला नेणार, जाहिदा मधे आहे, मशीनच्या नावाखाली मला गुंतवून ठेवलं आहे. हे लिहिताना मला हात आवरावा लागतो. तिच्याशिवाय या घराच्या भिंतींना भोकं पाडून मी काय टांगणार?

भिंतीवर रेघ पुन्हा आली आहे. शिवाय मोठा बिट नाहीसा झाला. मी दुपारी बाजारात असतो तेव्हा घरात कोणीतरी फिरतं. तपासायला हवं.

१ मार्च

डेपोत चोर धरायची एक रीत होती. वाटेत एखादी वस्तू अशी ठेवायची की ज्याला तिथून जायचं त्याला ती हलवावी लागेल. संध्याकाळी स्वयंपाकघर आणि न्हाणीघराच्या मधल्या बोळीत, भिंतीलगत, मशीनचं खोकं ठेवलं. मी पुढच्या खोलीत बसलो.

लाईन गेली. थोड्या वेळाने आवाज झाला.

रंभा पडली. उजवा हात मनगटातून.

आज जास्त लिहवत नाही.

३ मार्च

अहेरीच्या दवाखान्यातून आज घरी आणलं. हाताला प्लास्टर. तिथल्या डॉक्टरने हाड नंतर पाहिलं, आधी डोळ्यांत बॅटरी मारली आणि तिला विचारलं, बाई, बाजूचं दिसणं कधीपासून गेलं? तिने माझ्याकडे पाहिलं, मग खाली. मी तिथे उभा होतो आणि मला एक अक्षर कळत नव्हतं.

काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, बाजूचं काळं. गेलं ते येत नाही. थेंब नेमाने घातले तर उरलं आहे ते टिकतं. हे तिला चंद्रपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरने त्या दिवशीच सांगितलं होतं, जेव्हा ती काळा चष्मा लावून आली. जाहिदा रोज थेंब घालायला यायची, कारण रंभाचा स्वतःचा हात चुकायचा. बाटली थंड राहावी म्हणून वाळूत. भिंतीवरची रेघ तिच्या तळहाताची. बिट खाटेखाली होता. तिच्या पायाने सरकला असेल. दोरी कपड्यांसाठी नव्हतीच, धरून चालण्यासाठी होती.

संध्याकाळी तिला वरण-भात भरवला. चुलीजवळच बसलो होतो. विचारलं, सगळ्यांना सांगितलं, मलाच काऊन नाही?

तिने घास गिळला. मग म्हणाली, "तुमी उभ्या जन्मात लाकूड ठोकून पाह्यलं. पोकळ वाजलं का बाजूले टाकलं. मले बाजूले पडाचं नोह्यतं."

"मी तुले लाकूड समजतो का?"

"समजत नाई. पण पाह्यता तसंच."

मी पुढचा घास केला. तिने तोंड उघडलं. खोकं तिथे का होतं ते मी सांगितलं. चोर पकडायला ठेवलं होतं, म्हटलं. ती म्हणाली, "मले वाटलंच होतं." आणि मग, एवढ्या दुखण्यात, हसली. मला हसता आलं नाही.

७ मार्च

दोरी नको, असं मी ठरवलं. दोरी झोल खाते, ओढली की माणूस दोरीसकट जातो. दांडा पाहिजे. डेपोच्या लिलावात घेतलेला सागवानाचा जुना वासा बिलासकट माझ्याकडे पडून होता. सोमाजी आला. त्याच्या बायकोला खरंच टायफॉइड होता, माणूस निम्मा झाला आहे. त्याने वासा चिरून गोल दांडे करून दिले, मुठीत बसतील असे.

बाबूभाई लोखंडी ब्रॅकेट घेऊन आले. त्यांनाही विचारलं, तुम्हाला जानेवारीतच माहीत होतं? म्हणाले, "जाहिदानं कसम घातली होती, भाऊ. मी फक्त मशीन सांगू शकत होतो. ती सांगितली."

ब्रॅकेट त्यांनी दुकानातले दिले की कोणाच्या ऑर्डरीतून काढून आणले, ते विचारलं तर बोलणं फिरवलं. त्यात काहीतरी आहे. बघू.

११ मार्च

भिंतीत पहिलं भोक आज. मशीन भिंतीला लावली, बोट दाबलं, ठोक्यांचा आवाज झाला, विटेची लाल पूड हातावर आली आणि बिट आत गेला. रंभाला मागे उभं केलं होतं, पूड डोळ्यांत जाऊ नये म्हणून. तिने विचारलं, "झालं का?" या वेळी मी तिचं बोट धरून भोकावर नेलं. तिने बोट आत घालून पाहिलं.

दांड्याची उंची मी टेपने काढली होती. ती म्हणाली, तुमच्या टेपने नाही. डावा हात लांब करून भिंतीलगत चालली आणि मी मागून पेन्सिलीने खूण करत गेलो. माझी खूण बरीच वर होती. भोकांत प्लॅस्टिकच्या गट्ट्या ठोकल्या, ब्रॅकेट कसले. एक बॅटरी संपली तेव्हा दुसरी भरलेली होती. ते बाबूभाईचं बरोबर होतं.

संध्याकाळी लाईन गेल्यावर मी डोळे मिटून दांडा धरून स्वयंपाकघरातून निघालो. न्हाणीघराच्या उंबऱ्याआधीच दांडा संपतो. हात एकदम हवेत गेला आणि मी भिंत चाचपत राहिलो. ती हे रोज करत होती. उद्या पुढे आणखी एक तुकडा.

२५ मार्च

दांडे आता पुढच्या ओट्यापर्यंत पोहोचले. बुधरीबाई पाहून गेल्या. रंभाने त्यांना स्वतःच सगळं सांगितलं, मी मधे बोललो नाही.

थेंब मी घालतो. औषधाच्या दुकानात बाटलीची तारीख भिंग लावून वाचतो, सील पाहतो, मागची बाटली दाखवून अक्षरं ताडून घेतो. दुकानदार वैतागतो. वैतागू दे. जाहिदा थेंबांच्या वेळेला अजूनही येते, पण आता दार उघडं असतं आणि त्या दोघी माझा हात कापतो का ते पाहून हसतात. बाबूभाई परवा मशीन दोन दिवसांसाठी मागून घेऊन गेले. दुकानात एवढा माल असताना माझीच कशाला? जाहिदाच्या म्हाताऱ्या सासूसाठी तिकडे न्हाणीघरात काही बसवत आहेत म्हणे. जाऊन पाहून येणार आहे.

रोज सकाळी मी प्रत्येक ब्रॅकेट ओढून पाहतो. आज रंभा मागून आली. "सोडा न जी आता. पक्कं आहे ते."

"तपासाले काय जाते," मी म्हटलं.

एक गोष्ट मात्र सोडली. नोकरीत मी नेहमी बाजूला उभा राहून पाहायचो, समोरच्याला कळू न देता. घरीही तसंच उभं राहायची सवय लागली होती. आता रंभाशी बोलायचं असलं की समोर जातो, चांगला उजेडात, आणि थांबतो. ती हातातलं काम ठेवते, मान थोडी इकडेतिकडे करते आणि म्हणते, "हं. दिसले."

मग मी बोलतो.